संस्कृती आडवी येते म्हणे

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात काम करायला लागल्यापासून एक वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे, की ते कोण बोलणार हे आता समोरच्याच्या बुटांवरूनही ओळखता येतं. 'सोयी आहेत हो, पण यांची संस्कृती आडवी येते.' राजधानीतले अधिकारी हे म्हणतात, पाहणीला आलेले देणगीदार म्हणतात, आठवडाभराच्या शिबिराला आलेले अमेरिकी डॉक्टरही म्हणतात. मेळघाटात होते तेव्हा हेच वाक्य मराठीत ऐकलं होतं, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण इथे ते तपासून बघायची सवय लागली. एखादी बाई दवाखान्यात का आली नाही, मूल का वाढलं नाही, औषध मध्येच का सुटलं, हे तिच्या घरी जाऊन, तिच्याच भाषेत विचारायचं. उत्तरं पुष्कळ मिळाली. त्यांत संस्कृती क्वचित निघाली.

माझं काम चिमाल्तेनांगो प्रांतात, तेक्पान आणि पात्सुनच्या आसपासच्या वाड्यांवर. उंची दोन हजार मीटरच्या वर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पानांवर हिमकण. राहणारे लोक काक्चिकेल माया. आपल्याकडे माया म्हटलं की पिरॅमिड, दगडी पंचांग आणि २०१२ साली न आलेला जगाचा अंत आठवतो. ही माणसं कधीच नामशेष झाली असाही पुष्कळांचा समज असतो. २०१८च्या जनगणनेनुसार ग्वातेमालात ४१.७ टक्के लोक स्वतःला माया म्हणवतात. देशात बावीस माया भाषा बोलल्या जातात आणि डॉक्टर मात्र बहुतेक सगळे स्पॅनिशच बोलतात.

आमची संस्था लहान, ना नफा तत्त्वावर चालणारी. परिचारिका, पोषणाचं काम करणाऱ्या मुली, ड्रायव्हर, सगळे काक्चिकेल. मी एकटी परकी. माझी काक्चिकेल अजून अशी आहे की म्हाताऱ्या बायका माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत हसू दाबतात. ते चालतं. हसलेली बाई पुढचं बोलते.

इथे येण्याआधी या प्रांताचं नाव मी जामखेडमुळे वाचलं होतं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'हेल्थ बाय द पीपल' नावाचं पुस्तक काढलं. लोकांच्या हाती आरोग्य देणारे जगातले निवडक प्रयोग त्यात एकत्र केले होते. जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांचं प्रकरण त्यात आहे, तसंच चिमाल्तेनांगोच्या कॅरोल बेहरहोर्स्ट यांचंही. बेहरहोर्स्ट मूळचे अमेरिकेतल्या कॅन्ससचे. १९६२ साली त्यांनी चिमाल्तेनांगोत दवाखाना काढला. रुग्णाचं सगळं घर त्याच्याबरोबर दवाखान्यात राहायचं, तिथेच चूल पेटवून रांधायचं. शेतकरी माणसांना शिकवून त्यांनी आरोग्यप्रवर्तक तयार केले. या भागाच्या प्रश्नांची त्यांनी एक क्रमवारी लावली होती. पहिला सामाजिक आणि आर्थिक अन्याय, दुसरी जमिनीची मालकी, मग शेतीचं उत्पादन आणि बाजार. कुपोषण त्याच्या बरंच खाली आणि औषधोपचार सगळ्यांत शेवटी. एका डॉक्टरने स्वतःचा धंदा यादीच्या तळाशी टाकावा याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. इथे राहिल्यावर वाटतं, त्यांनी फक्त दिसलं ते लिहिलं.

त्या प्रवर्तकांपैकी अनेकांना १९८०च्या आसपास लष्कराने मारलं. गावात शिकलेला, लोकांना एकत्र बसवणारा माणूस म्हणजे बंडखोर, असा हिशेब होता. सरकार आणि बंडखोर यांच्यातला ३६ वर्षं चाललेला तो संघर्ष डिसेंबर १९९६च्या शांतता कराराने संपला. सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला: दोन लाखांहून अधिक माणसं मेली किंवा नाहीशी झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी शासनाच्या बाजूची. हे आकडे वाचताना इतिहास वाटतात. पण घरोघर फिरताना कुटुंबातल्या माणसांची नावं लिहायला वही उघडली की साठीच्या पुढचे आजोबा उठून अंगणात निघून जातात. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे त्यांनी तरुणपणी पाहिलं आहे. सर्वेक्षणाच्या अहवालात अशा घरापुढे 'असहकार' असा शेरा पडतो. आम्ही पहिल्या भेटीत वही काढतच नाही.

कुपोषणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण 'संस्कृती'च्या नावावर सर्वांत जास्त खापर तिथेच फुटतं. २०१४-१५च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या ४६.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती, आदिवासी मुलांत ५८ टक्के. आता एक स्वयंपाकघर बघा. मातीच्या विटांची भिंत, वर पत्रा, मध्ये तीन दगडांवर कोमाल, म्हणजे तवा. धुराने डोळे चुरचुरतात. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून आणलेला आहे आणि घरातली मोठी बाई दोन तळव्यांत थापून तोर्तिया टाकते आहे. आपल्याला भाकरीची सवय, त्यामुळे तो थापण्याचा आवाज परका वाटत नाही. दोन वर्षांची मुलगी आईच्या पाठीवर फडक्यात बांधलेली, मनगटात लाल दोरा. आमची परिचारिका आधी मुलीला गोड म्हणते आणि लगेच तिच्या डोक्यावर हात ठेवते. नुसतं कौतुक करून हात न लावता जाणाऱ्याची दृष्ट लागते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मग लाकडी फळीवर मुलीला निजवून उंची मोजायची. एक जण डोकं धरतो, एक गुडघे, आणि मूल जिवाच्या आकांताने रडतं. आकडा येतो ७६ सेंटिमीटर. दोन वर्षांच्या मुलीच्या मानाने दहा सेंटिमीटर कमी.

आई म्हणते, 'आम्ही सगळे बुटकेच आहोत.' हेच शहरातले डॉक्टर तिला ऐकवतात, जरा शास्त्रीय भाषेत. बॅरी बोगिन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ग्वातेमालातून अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांची मुलं मोजली. ती इथल्या मुलांपेक्षा सरासरी दहा सेंटिमीटरच्या आसपास उंच निघाली. समाज तोच, रक्त तेच. एका पिढीत फरक पडला.

मग खाणं विचारायचं. सकाळी तोर्तिया, मीठ आणि साखर घातलेली पातळ कॉफी. दुपारी तोर्तिया आणि घेवडा. संध्याकाळी उरलेली तोर्तिया. मधल्या वेळेला दुकानातल्या चिप्सचं पाकीट. कोंबड्या अंगणात फिरत असतात, अंडी बाजारात जातात. पावसाळ्यात रानची माकुई आणि चिपिलीनची पालेभाजी असते, ती उत्तम असते, मुलांना आवडतेही. दाराबाहेर हिरवंगार शेत दिसतं: ब्रोकोली आणि चपट्या शेंगांचा मटार. तो माल अमेरिकेत जातो. शेंग वाकडी निघाली तर दलाल घेत नाही. शेत बहुधा खंडाने घेतलेलं, खताचं आणि औषधाचं कर्ज डोक्यावर. जमिनीचं वाटप करण्याचा कायदा आर्बेन्झ सरकारने १९५२ साली आणला होता. १९५४ साली अमेरिकेच्या मदतीने ते सरकारच उलथवलं गेलं आणि वाटलेली जमीन परत गेली. आईला आहाराचं शिक्षण देणारा रंगीत तक्ता आमच्याकडेही आहे. त्यात अंडं आहे, मासा आहे, पपई आहे. तो तक्ता भिंतीवर लावून निघून जाणं मला जमत नाही. तिला पपई पौष्टिक असते हे ठाऊक असतं.

ग्वातेमालात पोषणाचं शास्त्र नाही, असं मुळीच नाही. मध्य अमेरिकेची पोषण संस्था, इंकाप, १९४९ सालापासून राजधानीत आहे. तिथे तयार झालेलं इंकापारिनाचं पीठ आजही वाण्याकडे मिळतं, लोक त्याची पेज करून पितात. तिच्याच संशोधकांनी पूर्वेकडच्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात अभ्यास केला, त्यांतल्या दोन खेड्यांत लहान मुलांना पेज देऊन पाहिलं. ज्यांना ती अगदी लहानपणी मिळाली त्यांतले पुरुष मोठेपणी ताशी जास्त कमावत होते. शास्त्र घराजवळ होतं. पैसा आणि जमीन लांब होती. आम्ही जे करतो ते फार थोडं आहे: सहा महिने ते दोन वर्षं या वयात दरमहा घरी जाणं, अंडी आणि घेवड्याची पिशवी देणं, सासूला समोर बसवून बोलणं. सासूला वगळून सुनेला शिकवायला जाणाऱ्याने आपल्या कुठल्याही खेड्यात एकदा प्रयत्न करून बघावा.

आता बाळंतपण. इथे त्याचं बरंचसं ओझं कोमाद्रोना वाहते. कोमाद्रोना म्हणजे सुईण, पण तिला हे काम कोणी नेमून देत नाही. तिचा जन्म २६० दिवसांच्या माया पंचांगातल्या ठरावीक दिवशी झालेला असतो, तिला स्वप्नं पडतात, कधी मोठं आजारपण येतं, आणि काम पत्करल्याशिवाय ते जात नाही असं मानतात. पैसे ती मागत नाही, देतील ते घेते. गरोदर बाईकडे जाते, पोट चोळते, तिच्या नवऱ्याला झापते. बाळंतपणानंतर बाईला उष्णता परत मिळाली पाहिजे म्हणून तिला तुहमध्ये नेते. दगडमातीची ठेंगणी खोली, रांगत आत शिरायचं, तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ होते, मग पानांनी अंग शेकायचं. शेक-शेगडी, धुरी आणि डिंकाचे लाडू यांत बाळंतपण झालेल्या मराठी बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या ओळखीच्या बार्सेलोनाच्या डॉक्टरणीला मात्र वर्ष लागलं.

डिसेंबरातली एक रात्र सांगते. एका वाडीवरच्या कोमाद्रोनाचा फोन आला. पस्तिसावा आठवडा, पायावर सूज, डोकं दुखतंय, रक्तदाब १६० वर ११०. यंत्राच्या पडद्याचा फोटोही तिने पाठवला होता. तिला वाचता येत नाही, फोनवरची चित्रं मात्र पाठ आहेत. तेक्पानच्या वुकू कावोक या संस्थेने कोमाद्रोनांबरोबर बसून असं चित्रांचं आणि काक्चिकेल आवाजाचं अॅप घडवलं. आमचं काम त्यांच्याकडूनच उचललेलं आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाई खाटेवर बसली होती, सासू दारात. जायचं नाही, असं सासूने सांगितलं. कागदावर हे 'कुटुंबाने सांस्कृतिक कारणास्तव नकार दिला' असं लिहिता आलं असतं.

कोमाद्रोना खाली बसली आणि सासूला एकेक विचारत गेली. नवरा उसाच्या तोडणीला दक्षिण किनाऱ्यावर, तो फोन उचलत नाही, त्याला न विचारता कसं न्यायचं. घरात दोन लहान मुलं. पिकअपवाला रात्रीचे दुप्पट घेणार. चुलत जाऊ चार वर्षांपूर्वी इस्पितळात गेली आणि मेली. प्रेत गावी आणायला गाय विकावी लागली. तिथे वीपिल आणि कोर्ते, म्हणजे विणलेला पोलका आणि गुंडाळायचा घागरा, उतरवून पाठ उघडी पडणारा झगा घालायला लावतात. बाळंतिणीला गार पाण्याने आंघोळ घालतात. कोमाद्रोनाला आत सोडत नाहीत. आणि स्पॅनिश येत नाही म्हणून ओरडतात. या यादीत श्रद्धा म्हणावी अशी गोष्ट एकच होती, गार पाण्याची, आणि ती सोडवायला सर्वांत सोपी होती.

पिकअपचे पैसे संस्थेच्या फंडातून. मुलांपाशी शेजारीण. नवऱ्याशी बोलणं झालं ते त्याच्या मुकादमाच्या फोनवरून, पहाटेच्या आत. थर्मासमध्ये गरम पाणी, दोन जाड घोंगड्या, आणि सासू बरोबर. इस्पितळाच्या फाटकावर रखवालदाराने नेहमीप्रमाणे एकच माणूस आत जाईल म्हणून सांगितलं. अशा वेळेसाठी आमची एक सोबतीण असते. काक्चिकेल आणि स्पॅनिश दोन्ही बोलणारी, पगारी, इस्पितळातल्या समाजसेविकेचा नंबर तोंडपाठ असलेली. ती भांडत नाही, पण हलतही नाही. मॅग्नेशियम सल्फेट लागलं, सिझेरियन झालं, मूल लहान पण धडधाकट. सासू नंतर पुष्कळ दिवस कुरकुरत होती. ऑपरेशनबद्दल तिची काही तक्रार नव्हती. ओल्या बाळंतिणीला त्यांनी गार जेली खायला दिली, हे तिला सहन झालं नव्हतं.

त्या इस्पितळातल्या परिचारिकांवर मला राग काढायचा नाही. एका रात्री एका वॉर्डात त्या किती जणींना बघतात ते मी पाहिलं आहे. पण सरकारने २०१५ साली कोमाद्रोनांचं राष्ट्रीय धोरण काढलं, त्यांच्या कामाला मान दिला, आणि फाटकावरच्या माणसापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. मान द्यायचाच असेल तर तिला एक खुर्ची आणि आत जायचा बिल्ला द्या. इतकंच ती मागते.

कोमाद्रोना म्हणेल ते सगळं बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. संस्कृतीची जाण ठेवायची म्हणजे तोंड बंद ठेवायचं, असा एक समज परदेशी स्वयंसेवकांत फार आहे, आणि मला तो त्या रखवालदाराच्या अरेरावीइतकाच वाईट वाटतो. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला तुहच्या वाफेत बसवू नका, यावर आमच्या कोमाद्रोनांशी लांबलचक वाद झाले. शेवटी त्यांनीच मार्ग काढला: बाळ पोटात असेपर्यंत अंग कोमट कपड्याने पुसायचं, वाफ बाळंतपणानंतर. कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचण्यावरून तर मोठंच बिनसलं. गर्भाशय फाटण्याची भीती असते त्यात. पण गंमत बघा, तुहला नाकं मुरडणाऱ्या शहरी मंडळींना हे इंजेक्शन 'परंपरा' वाटत होतं. ते आलं कुठून? गावच्या औषधाच्या दुकानातून, विनाचिठ्ठी. एका वयस्क कोमाद्रोनाने बैठकीत उठून सांगितलं की तिच्या आईने असलं काही कधी केलं नाही, ही घाई तुमच्या दुकानदारांनी शिकवली. त्या दिवसापासून त्या बाया दुकानदाराकडेच मोर्चा घेऊन जाऊ लागल्या.

शिबिरांबद्दल दोन शब्द. उन्हाळ्यात सारख्या टी-शर्टातले गट येतात. चर्चच्या आवारात टेबलं मांडतात, जंताच्या गोळ्या, जीवनसत्त्वं, पेनकिलर वाटतात. मधुमेहाच्या बाईची साखर ३०० निघते, तिला महिन्याच्या गोळ्या मिळतात, आणि पुढच्या महिन्यात गट आपल्या देशात असतो. भाषांतराला बहुधा तिचा दहा वर्षांचा नातू असतो. आजी त्याच्यासमोर लघवीचा त्रास कसा सांगणार? माणसं वाईट नसतात, काही फार हुशार असतात. पण त्यांच्या आठवड्याची तयारी करण्यात गावच्या परिचारिकेचा महिना जातो, तो कुठल्याच हिशेबात येत नाही.

आणि आमच्यासारख्या संस्थांचीही एक खोड आहे, मध्येच निघून जाण्याची. सरकारने १९९७ साली खेड्यांतली सेवा संस्थांकडे सोपवली, लाखो लोक त्या योजनेवर अवलंबून राहिले, आणि २०१४च्या सुमारास ती बंद झाली. गावोगावच्या पाटीवर संस्थेचं नाव राहिलं, आतलं कपाट रिकामं. म्हणून गावात जाताना किती वर्षं राहणार ते आधीच सांगावं, या मताची मी आहे. देणगीदाराला हे आवडत नाही. त्याला वीपिल घातलेल्या आईचा, मांडीवर बाळ असलेला फोटो हवा असतो, आणि सोबतिणीचा पगार मात्र 'प्रशासकीय खर्चा'त मोडतो. आमच्या अर्जात तो पगार आता पहिल्या ओळीत लिहिलेला असतो. दोन अर्ज त्यामुळे परत आले, बाकीचे मंजूर झाले.

पुण्यानाशकाकडच्या तरुण डॉक्टरांच्या मेल अधूनमधून येतात, सुटीत दोन-तीन आठवडे इथे येऊन काम करता येईल का म्हणून. वर्षभर राहणार असाल तर स्पॅनिशचा वर्ग आजच लावा, काक्चिकेल इथे शिकवू. तेवढा वेळ नसेल तर विमानाचं तिकीट काढू नका. धारणी, धडगाव, भामरागड तुम्हाला जवळ आहेत. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एवढंच विचारा, की रात्रपाळीला कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणारं पगारी माणूस कोण आहे. नसेल तर ते नेमलं जाईपर्यंत विचारत राहा.